वरकसाचा पुरावा

परवा एका मासिकात मथळा वाचला, 'कोकणातल्या पडीक डोंगरमाथ्यांवर पवनऊर्जेला मोठा वाव', आणि माझं डोकं फिरलं. पडीक म्हणे. लिहिणाऱ्याला एकदा पोलादपूरच्या वरच्या धारेवर चढवून आणायला पाहिजे. दम लागला की बसू द्यावं, पाणी पाजावं आणि मग विचारावं, आता दाखव बाबा तुझं पडीक कुठं आहे ते. मी तेच मासिक चार वेळा आपटलं तेव्हा जहांआरा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "एकतर ते चुलीत घाला नायतर काय ते लिहून काढा, पण घरात आदळआपट नको." म्हणून लिहायला बसलोय. राहीबाईबद्दल.

मी नासिर. महाडच्या कोर्टाच्या कुंपणाला लागून माझं टेबल होतं. तीस वर्षं तिथे बसून लोकांचे अर्ज लिहिले. आधी हाताने, मग टाइपरायटरवर. वारसनोंद, दाखले, हरकती, विहिरीचा अर्ज, सासरच्या छळाचा अर्ज. खेडोपाडीचे लोक मला वकीलच समजायचे, आणि मीही त्यांना समजू द्यायचो. चारचौघांत कोणी 'वकीलसाहेब' म्हणून हाक मारली तर मी कधी म्हणालो नाही की अरे, मी मॅट्रिक आहे. हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं त्यात ह्या गुर्मीचा वाटा फार मोठा आहे.

राहीबाई पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आली ती सत्याऐंशी सालात, रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायला. पोलादपूरच्या वरची धारवाडी तिचं गाव. दीड तास उतरायचं, पोलादपुरात एसटी धरायची, महाडला यायचं आणि शेवटच्या गाडीने परत. अंगाने काटकुळी, चेहरा उन्हाने रापलेला, आणि आवाज असा की कोर्टातला पट्टेवाला बाहेर येऊन बघायचा, कोण भांडतंय. भांडण नसायचंच. ती तशीच बोलायची, माझ्याशी, शिपायाशी, साहेबाशी, सगळ्यांशी एकाच पट्टीत.

मी अर्ज लिहिला की ती तो वाचून दाखवायला लावायची. पूर्ण. घाई केली तर पुन्हा पहिल्यापासून. एकदा गोठ्याला आग लागली होती म्हणून मदतीचा अर्ज लिहिला. मी नेहमीच्या सवयीने लिहून गेलो, 'अर्जदार ही निराधार असून.' तिने मला तिथेच अडवलं.

"निराधार कोन? माजा दादला घरी बसलाय की. पाय गेला त्येचा, जीव नाय गेला."

"अहो, तसं लिहावं लागतं. लवकर मंजूर होतं."

"खोडा ते."

खोडलं. मदत सात महिन्यांनी आली, बाकीच्यांना तिसऱ्या महिन्यात आली होती. मी म्हटलं, बघा, मी सांगत होतो. ती म्हणाली, "आली नव्हं?" असली बाई. मला तिचा राग यायचा आणि बाजाराच्या दिवशी ती दिसली नाही तर चुकल्यासारखंही व्हायचं. तिचा नवरा भागोजी मुंबईच्या गिरणीत होता, यंत्रात पाय सापडला तेव्हापासून घरी. दोन मुलगे बोरिवलीला. शेत म्हणजे राहीबाईच.

आता शेत कसलं ते सांगतो, कारण सगळं भांडण त्याचं आहे. खाली ओढ्याच्या काठाला भाताची खाचरं, तीन-चार. आणि वर डोंगराच्या धारेवर साडेसहा एकर वरकस. वरकस म्हणजे ज्यावर भात होत नाही असा उताराचा माळ. एक वर्ष त्यात नाचणी करायची, दुसऱ्या वर्षी वरी, मग तीन-चार वर्षं जमीन निजवून ठेवायची. निजवलेली जमीन म्हणजे रिकामी नव्हे. तिच्यावरच्या ऐनाच्या आणि किंजळाच्या फांद्या थंडीत तोडायच्या, गवत कापायचं, भारे डोक्यावरून खाली आणायचे, जिथे भाताचं रोप टाकायचं त्या वाफ्यात शेण-पाला पसरून उन्हाळ्यात भाजायचं. त्याला राब म्हणतात. राब भाजला नाही तर रोप पिवळं पडतं, तण माजतं, आणि भात काय येतं ते विचारूच नका. म्हणजे खालचं भात वरच्या डोंगरावर उभं. धारवाडीत हे शेंबड्या पोराला माहीत. कचेरीत कोणाला माहीत नाही.

कागद काय म्हणतो? कूळकायदा आला तेव्हा खालची खाचरं राहीबाईच्या सासऱ्याच्या नावावर झाली. वरचं वरकस तेवढं मागे राहिलं. त्या साली वर पीक नव्हतं, जमीन निजवलेली होती, आणि जिथे पीक नाही तिथे कूळ कसलं, असं लिहिणाऱ्याला वाटलं असणार. मालक म्हणून महाडच्या एका जुन्या घराण्याचं नाव कायम राहिलं. त्या घरातल्या कोणी पुढच्या पन्नास वर्षांत धारवाडीला पाय लावला नाही. आणि सातबाऱ्यावर दरसाल पिकाची नोंद करायला तलाठी यायचा, तो खाली शाळेच्या ओट्यावर बसायचा. वर काय हाय, असं विचारायचा. जमीन निजवलेली असली की वाडीतले म्हणायचे, यंदा काय नाय. खरंच सांगायचे बिचारे. तो पीक नाही म्हणून 'पड' लिहायचा, आणि पीक नसलं की कसणाऱ्याचं नावही लिहीत नाहीत. ज्या वर्षी नाचणी असायची त्या वर्षी त्याला ओट्यावरून दिसायची नाही, आणि तो मागच्या वर्षीचंच उतरवायचा. चाळीस वर्षांच्या कागदात राहीबाई नाही, तिचा सासरा नाही, कोणीच नाही. नुसती पड.

नव्व्याण्णव साली धारेवर एक उंच लोखंडी खांब आला. चारी बाजूंनी तारांनी ताणलेला, वर फिरणाऱ्या वाट्या. वारा मोजतात म्हणाले. लोकांना गंमत. पोरं तारांना धरून झोके घेत. राहीबाई मला म्हणाली होती, "वारा मोजून काय करनार, पोती भरनार का काय?" आम्ही हसलो. मी तर हसलोच, शिकलेला माणूस.

मग सरकारचं धोरण आलं. पवनचक्की उभारणाऱ्याला विक्रीकरात सवलत, मंडळाने त्याची वीज घ्यायची, वर जायला रस्ता. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही असा कायदा होता, त्याला उद्योगासाठी आधीच एक दार ठेवलेलं होतं. वाचायला सगळं चांगलं. मी काही विजेच्या विरोधात नाही, माझ्या घरातही दिवा लागतो. पण एवढ्या पानांत एक ओळ अशी नव्हती की डोंगरावर आधीपासून कोणी असेल तर त्याला विचारा. सगळ्या लिहिण्यात एकच पालुपद, पडीक, डोंगराळ, अनुत्पादक. ज्या बाईने मानेचे मणके झिजवून तिथून भारे खाली आणले तिला अनुत्पादक म्हणतात, आणि वारा मोजणाऱ्या खांबाला उत्पादक. तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या जुन्या घराण्यातला प्रवीण डोंबिवलीला राहायचा. दोन हजार चारच्या एप्रिलमध्ये तो नवी गाडी घेऊन आला. पवनचक्कीच्या कंपनीला साडेसहा एकर द्यायचे ठरले होते. कंपनीची अट एवढीच की जमिनीवर कुळाचा किंवा दुसऱ्या कोणाचा हक्क नसावा. प्रवीणने प्रतिज्ञापत्र केलं, 'सदर जमीन पडीक असून कोणीही कसत नाही.' जोडीला चाळीस वर्षांचे सातबारे. कागदाप्रमाणे खोटं कुठेच नव्हतं, हीच तर चीड आहे. फेरफाराची, म्हणजे जमीन कंपनीच्या नावावर चढवायची नोटीस चावडीवर लागली, हरकतीला पंधरा दिवस. राहीबाईला ती तेराव्या दिवशी कळली.

चौदाव्या दिवशी ती माझ्यापुढे उभी. बसली नाही.

"माज्या डोंगरावर कोन आलंय?" म्हणाली.

मी हरकत लिहिली. त्याच दिवशी दाखल केली, पोच घेतली, आणि फार मोठं काम केल्यासारखा चहा मागवला. मग सातबारे काढून बघितले. नाव कुठेच नाही. सुनावणी तहसीलदार साहेबांपुढे पावसाळ्यानंतर होणार होती. मी विचार केला आणि मला वाटलं, सुचलं. अगदी छाती काढून तिला सांगितलं, "राहीबाई, यंदा वर नाचणी करा. सगळ्या साडेसहा एकरांत. तलाठ्याला वर न्या, खांद्यावर बसवून न्या पाहिजे तर, पण पिकाला तुमचं नाव लावून घ्या. साहेब बघायला आला की उभं पीक दिसलं पाहिजे."

ती म्हणाली, "दोनच वर्सं झाली निजवून. अजून दोन पायजेत."

"कागदाला तुमची दोन वर्षं कळत नाहीत."

"आन झाडं?"

"झाडं काढा."

"छाटायची म्हन्ता?"

"छाटायची नाही, काढायची. बुंध्यापासून. साहेबाला रान दिसता कामा नये. झाडं दिसली की तो म्हणेल हे जंगल आहे, इथे शेत कुठलं? साफ शेत दिसलं पाहिजे."

 ती म्हणाली, "पुढल्या साली राब कशाचा भाजू?"

"एक साल खत विकत आणा. जमीन राहिली तर झाडं परत येतील."

"ऐन परत येतो व्हय वर्साभरात, भाई? माज्या सासऱ्याच्या बाची झाडं हायेत ती."

मी चिडलो. हो, चिडलो. म्हटलं, "मला शिकवू नका. तीस वर्षं मी हे करतो. तुम्हाला जमीन पाहिजे की झाडं?"

ह्या वाक्यासाठी मला कोणीतरी तेव्हाच थोबाडीत मारायला हवी होती. जहांआराने मारलीही असती, तिचं माहेर विन्हेऱ्याकडचं, राब काय असतो ते तिला ठाऊक. पण घरी मी हे सांगितलंच नाही. बायकांना कायद्यातलं काय कळतं, हा माझा तोरा.

राहीबाई गेली. भागोजीने घरी आकांत केला म्हणे, कुबडी घेऊन चढणीपर्यंत मागे आला, "त्या टायपाच्या माणसाचं ऐकून बापजाद्यांची झाडं पाडू नको." ती म्हणाली, शिकलेला माणूस सांगतोय, उगाच का सांगेल? आणि वाडीतल्या दोन बायका घेऊन वर गेली. त्रेचाळीस झाडं होती. दहा दिवस कुऱ्हाडी चालवल्या. बुंधे राहायला नकोत म्हणून त्यांच्यावर फाटी रचून जाळले. पावसाच्या आधी डोंगर बोडका झाला आणि तिने नाचणी पेरली.

पीक आलं, पण काय ते आलं. न निजलेली जमीन, वरून पावसाची धार. जुलैत उताराची माती ओढ्याला गेली, कणसं बोटाएवढी. तरी सप्टेंबरात तिने तलाठ्याला वर नेलाच. नवीन पोरगा होता, चढला. पिकाची नोंद झाली, कसणारी म्हणून तिचं नाव आलं. ती उतारा घेऊन माझ्याकडे आली, माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "वाचा." मी वाचला. तिने दोनदा वाचून घेतला. त्या दिवशी तिने मला भज्यांची पुडी आणून दिली, आणि मी ती हसत हसत खाल्ली.

नोव्हेंबरात साहेब जागा बघायला निघाले. साहेबांचं नाव घेत नाही, त्यांची चूक नव्हती. विदर्भातले होते, नवीन, अंगाने सडसडीत. कोणी वर चढेल असं मला वाटलं नव्हतं, पण ते म्हणाले, जागा बघितल्याशिवाय मी लिहीत नाही. प्रवीण आला, त्याचा वकील आला, तलाठी, राहीबाई, आणि मीही गेलो. सतरा वर्षं त्या बाईचे अर्ज लिहिले आणि तिचं वरकस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. न बघताच मी तिथली झाडं पाडायला सांगितली होती.

वर कापणी झाली होती, नाचणीचे खुंट उभे होते. साहेबांनी उतारा पाहिला, खुंट पाहिले. म्हणाले, "ही यंदाची नाचणी. नोटीस लागल्यानंतर पेरलेली. हे तर कोणीही करेल बाई, मी याला पुरावा कसा धरू? याच्या आधी तुम्ही इथे काय करत होता?"

राहीबाईने सांगितलं. नाचणी, वरी, मग निजवायची, राब तोडायचा, खाली नेऊन भाजायचा. आवाज नेहमीचाच, दरीपलीकडे जाईल असा.

साहेब थांबले. म्हणाले, "राब तोडता? मग आधी का नाही सांगितलंत? भाताच्या राबासाठी वापरलेली वरकस जमीन कायद्याला माहीत आहे, पुस्तकात तसं लिहिलंय. पीक नसलं म्हणून ती पडीक होत नाही." त्यांनी चष्मा पुसला, खरोखर बरं वाटलेलं दिसलं त्यांना. "मला झाडं दाखवा. दरवर्षी तोडलेलं झाड लपत नाही. फांदी तोडल्याच्या जागी गाठीवर गाठ येते, पन्नास वर्षांचं तोडणं दिसतं त्यात. तेवढी चार झाडं दाखवली तरी पुष्कळ."

 वाऱ्याने त्या खांबावरच्या वाट्या फिरत होत्या तेवढाच आवाज.

पुस्तकात होतं. तीस वर्षं कोर्टाच्या दारात बसलो, टेबलावर कूळकायद्याचं पुस्तक ठेवत होतो, लोकांना दिसावं म्हणून ठेवत होतो, आणि त्यातली ती दोन ओळींची व्याख्या मी वाचली नव्हती. वाचली असती तर मी तिला सांगितलं असतं, एका झाडालाही हात लावू नका. चाळीस वर्षं कागदाने तिला लिहिलं नाही, पण त्रेचाळीस झाडांनी लिहिलं होतं. ते मी जाळायला लावलं.

राहीबाईने हात केला. खुंटांच्या मधे मधे काळी वर्तुळं होती, राख पावसाने गेली होती तरी जमीन काळी होती.

"हितं व्हती," म्हणाली.

"कोणी तोडली?"

"मी."

"का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तीन हातांवर उभा होतो. मला एवढंच म्हणायचं होतं की साहेब, मी सांगितलं, ही नको म्हणत होती. प्रवीणचा वकील शेजारी उभा होता. उद्या हा महाडात सांगणार, नासिर अर्जवाल्याने अशिलाचा पुरावा अशिलाकडून जाळून घेतला. आणि दुसऱ्याच्या जमिनीतला ऐन पाडायला लावला म्हणून माझ्यावरही काही शेकलं असतं. मी एक पाऊल मागे सरलो.

ती म्हणाली, "शेत दिसावं म्हनून."

साहेबांनी ते तसंच लिहून घेतलं. तिला वाचून दाखवलं. तिने अंगठा दिला, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

वाडीतल्या लोकांचे जबाब झाले, पण ते सगळे तिचेच भाऊबंद, त्यांचं वजन किती पडणार? फेब्रुवारीत निकाल आला. ती आली, टेबलासमोरच्या बाकावर बसली आणि म्हणाली, वाचा. मी वाचत गेलो. 'अर्जदार हिने सदर जागेवरील झाडे नोटिशीनंतर स्वतः तोडल्याचे कबूल केले आहे. पूर्वापार वहिवाटीची कोणतीही खूण जागेवर आढळून येत नाही. सबब हरकत फेटाळण्यात येत आहे.' मधेच मी थांबलो. ती म्हणाली, पुढं. मी शिक्क्यापर्यंत वाचलं.

मग मी घाईघाईने बोलायला लागलो. अपील करू, साठ दिवस आहेत, वर दुसरे साहेब असतात, पुस्तकातली ती व्याख्या घालू, मी फुकट लिहितो.

"अपिलात झाडांचं काय लिवनार?"

"ते... अज्ञानाने तोडली असं लिहू."

"कोनाच्या?"

मी टाइपरायटरमध्ये कागद घालायला लागलो.

"नासिरभाई, मला ठावं व्हतं. झाडं पाडू नयेत ह्ये मला ठावं व्हतं, भागोजीलाबी ठावं व्हतं. तुमी शिकलेले म्हनून मी ऐकलं." तिचा आवाज पहिल्यांदाच खाली होता, बाजूच्या माणसालाही ऐकू जाऊ नये इतका. "तुमी सांगितलं म्हनून झाडं तोडली, येवढं एक लिवा. लिवाल?"

मी म्हटलं, "तसं लिहून उपयोग होत नसतो."

खोटं बोललो. उपयोग झाला असता की नसता, मला माहीत नव्हतं. कदाचित झाला असता. चुकीच्या सल्ल्याने पुरावा गेला, हे शपथेवर सांगणारा माणूस तिला हवा होता आणि असा माणूस जगात एकच होता. तो समोर टाइपरायटरवर हात ठेवून बसला होता आणि त्याला आपल्या टेबलाची काळजी पडली होती. ती उठली, निकालाचा कागद घडी करून कमरेला खोचला आणि डेपोकडे गेली. मी मागे हाकसुद्धा मारली नाही.

त्या साली तिच्या खाचरांत राब भाजला नाही. रासायनिक खताच्या दोन गोण्या वाडीत डोक्यावरून नेल्या तिने. रोप आलं तसं आलं, आणि पुढच्या साली तिने दोन खाचरं लावलीच नाहीत. साडेसहा एकरांना तारेचं कुंपण पडलं आणि त्यावर पाटी लागली, आत येऊ नये. गवत आत वाढायचं, वाळायचं, कोणी कापायचं नाही. गुरं विकली. भागोजी दोन हजार सहा साली गेला.

आणि पवनचक्की? आजतागायत एकही नाही. वारा कमी भरला म्हणे, किंवा सवलत बदलली, किंवा घाटावर त्यांना बरी जागा मिळाली. कोणी धारवाडीला येऊन सांगितलं नाही. तो खांब एका पावसाळ्यात तारा तुटून आडवा झाला, अजून तसाच पडून आहे. मागच्या वर्षी प्रवीणने आणि कंपनीने मिळून ती जमीन पुण्याच्या कोणाला बंगल्यांसाठी दिली असं ऐकलं. विजेसाठी घेतली होती ना रे बाबांनो? ज्या धोरणाच्या नावाने ती घेतली ते धोरण परत विचारायला येत नाही, की बाबा, केलंस काय त्या जमिनीचं. बाईला मात्र चाळीस वर्षांचा हिशेब विचारला. आज त्या धारेवर पीक नाही, राब नाही, गुरं नाहीत. आता ती खरीखुरी पडीक झाली आहे, आणि मासिकवाल्याला मोठा वाव दिसतोय.

राहीबाई अजून आहे. बोरिवलीला मुलाकडे जायला तयार नाही. पोलादपूरच्या बाजारात मला दोनदा दिसली. बोलली, घरच्यांची खुशाली विचारली, जहांआराच्या गुडघ्याचं विचारलं. पण माझ्या टेबलाशी ती पुन्हा आली नाही. तिचे अर्ज आता दुसरा कोणीतरी लिहितो, आणि तो तिला पूर्ण वाचून दाखवतो की नाही, मला माहीत नाही.

लिहिलेलं सगळं मी आत्ता जहांआराला वाचून दाखवलं. ती म्हणाली, सरकारला शिव्या भरपूर घातल्यात, पण त्या बाईने मागितलं होतं ते वाक्य अजून तुमच्या हातून सरळ उतरलेलं नाही. बरोबर आहे तिचं. तर ते लिहितो, तारखेसह, सहीने. धारवाडीच्या धारेवरची त्रेचाळीस झाडं राहीबाईने माझ्या सांगण्यावरून तोडली, तिची इच्छा नव्हती. नासिर, अर्जलेखक, महाड, दिनांक चौदा डिसेंबर दोन हजार नऊ. अपिलाची मुदत साठ दिवसांची होती. ती दोन हजार पाचच्या एप्रिलात संपली.